बीभत्स आणि भयानक : फ्रांजूचे दोन चित्रपट

भयपट म्हणजे हलक्या अभिरुचीची करमणूक, हा रूढ समज आम्हांस मान्य नाही. जॉर्ज फ्रांजू या फ्रेंच दिग्दर्शकाच्या दोन कृती त्याविरुद्ध साक्ष देतात. १९४९ चा 'पशूंचे रक्त' हा सुमारे २० मिनिटांचा माहितीपट पॅरिसच्या कत्तलखान्यांत घडतो. घोडा कोसळतो, उष्ण रक्ताची वाफ उठते. निवेदनाचा स्वर मात्र शांतच राहतो. कसायांविषयी त्यात तिरस्कार नाही. १९६० च्या 'चेहऱ्याविना डोळे' या भयपटात अपघाताने विद्रूप झालेल्या मुलीसाठी तिचा शल्यविशारद पिता इतर तरुणींचे चेहरे सोलतो. तेथेही कॅमेरा तितकाच अविचल आहे.

भरताने जुगुप्सा हा बीभत्साचा व भय हा भयानकाचा स्थायिभाव मानला. शस्त्रक्रियेचे दृश्य केवळ जुगुप्सा उपजविते. खरे भय उपजते ते निर्विकार मुखवट्यामागील मुलीच्या जिवंत डोळ्यांतून. पोलिसी तपासाचा भाग आम्हांस फिका वाटतो, हे नमूद केले पाहिजे. तथापि, एकीकडे शहराची भूक, दुसरीकडे पित्याचे वात्सल्य : दोन्हीकडे क्रौर्याला सभ्य कारण लाभले आहे. ते कारणच निरखावयास लावणाऱ्या कलेला हलकी कसे म्हणावे?