तेरा बळी, चौतीस धावा

रणजी करंडकाचा १९७२-७३ चा अंतिम सामना मद्रासच्या चेपॉकवर झाला. मुंबई १५१ आणि ११३; तमिळनाडू ८० आणि ६१. मुंबई १२३ धावांनी जिंकली आणि सलग पंधराव्यांदा करंडक घरी घेऊन गेली. मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांनी पहिल्या डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत पाच गडी बाद केले. हा धावफलक वरवर चाळणारा लगेच म्हणतो, खेळपट्टीच तशी होती. तशी होतीच. पण यजमान संघात व्यंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार हे दोन कसलेले फिरकी गोलंदाज होते, आणि खेळपट्टी काही एका संघाची वेगळी नसते.

म्हणून तोच फलक पुन्हा, सावकाश वाचावा. तमिळनाडूच्या ८० धावांपैकी शिवलकरांच्या चेंडूंवर निघाल्या सोळा. उरलेल्या चौसष्ट, अवांतर धरून, इतरत्र निघाल्या. म्हणजे तीच माती, तेच फलंदाज, तेच ऊन, आणि तरीही एका माणसाच्या चेंडूवर धाव निघणं बंद. वळणारी खेळपट्टी प्रत्येकाला वळण देते. टप्पा देत नाही. अशा खेळपट्टीवर गोलंदाजाला सगळ्यात मोठा मोह होतो तो जास्त वळवण्याचा. मग चेंडू फलंदाजाला, यष्टिरक्षकाला, कधी कधी दोघांनाही चकवून निघून जातो. प्रेक्षक हळहळतात, बळी मिळत नाही. बॅटची कड घ्यायला वळण बोटभर पुरतं. तेरा बळींना चौतीस धावा हा हिशेब वळणाचा नाही, आवरून धरलेल्या हाताचा आहे.

हा हात घडला मुंबईच्या पावसात. कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाते, तीही उघड्या खेळपट्ट्यांवर. शिवलकर त्यातले शिवाजी पार्क जिमखान्याचे. ओली खेळपट्टी एकच नसते, हे बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. पूर्ण भिजलेली असताना चेंडू नुसता घसरतो. ऊन पडून वरचा थर सुकू लागला की तोच चेंडू माती धरतो आणि उसळतो. दर अर्ध्या तासाने वेग किंचित वाढवायचा की चेंडूला थोडी उंची द्यायची, हे बोटांना कळावं लागतं. विनू मंकडांसारख्या गुरूची नजर लाभलेल्या मुलाला ते कळलं नसतं तरच नवल. पुढे सगळ्या देशातल्या कोरड्या खेळपट्ट्यांवर जी अचूकता दिसली, तिची शाळा या चिखलात भरली होती.

त्यांच्या गोलंदाजीचं चित्रीकरण आज फारसं पाहायला मिळत नाही. पाहिलेले लोक जे सांगतात ते जवळजवळ एकसारखं आहे: सहज धाव, उंच हात, आणि एका नाण्याएवढ्या जागेवर पडत राहणारा चेंडू. आमच्या बिदरच्या कारागिराचं काम पाहिलेल्याला यातली खुबी पटकन उमगेल. जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीची तार ठोकून बसवतात तेव्हा ती फारशी उठून दिसत नाही. किल्ल्यातली माती नवसागरात कालवून भांड्याला लावली की धातू काळा पडतो, चांदी तशीच राहते, आणि मग नक्षी उजळते. शिवलकरांची षटकांमागून षटकं पडणारी एकसारखी दिशा ही ती काळी पार्श्वभूमी होती. फलंदाज बाहेर वळणाऱ्या चेंडूला सरावला, बॅट आपोआप त्या रेषेवर येऊ लागली, की एक चेंडू न वळता सरळ आत शिरायचा. आर्म बॉल पुष्कळांकडे असतो. तो चमकावा म्हणून आधी इतका वेळ काळं राखण्याची सोशिकता थोड्यांकडे असते.

आकडेही याच स्वभावाचे आहेत. प्रथम श्रेणीचे १२४ सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. डावात पाच किंवा अधिक बळी ४२ वेळा, म्हणजे सरासरीने दर तीन सामन्यांत एकदा. सामन्यात दहा बळी १३ वेळा. शेजारी भारताचे डावखुरे फिरकी गोलंदाज बिशनसिंग बेदी ठेवून पाहा: १५६० बळी, सरासरी २१.६९. अर्थात या तुलनेत अर्ध्याहून अधिक फसवणूक आहे. बेदी जगभर खेळले, सपाट खेळपट्ट्यांवर खेळले, कसोटी फलंदाजांची पहिली फळी त्यांच्यासमोर असायची. तरीही एकोणीस ही सरासरी पंचवीस वर्षं टिकवणं नशिबाचं काम नव्हे. शिवलकर १९६१-६२ मध्ये प्रथम श्रेणीत आले आणि १९८७-८८ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मुंबईसाठी पुन्हा मैदानात उतरले. तरुणपणी पाय आणि खांदा चुका झाकतात. त्या वयात बोलावणं येतं ते फक्त बोटांच्या भरवशावर.

कसोटी मात्र एकही नाही. इथेच वाद सुरू होतो. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २००९ मध्ये हॉल ऑफ फेम उघडलं, बेदी पहिल्याच तुकडीत आत गेले, विनू मंकडही २०२१ मध्ये गेले. ते दालन आंतरराष्ट्रीय कारकिर्दीचं, त्यामुळे गुरू आत आणि शिष्य बाहेर. अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी कूपर्सटाउनच्या आपल्या दालनात १९७२ मध्ये जॉश गिब्सनला घेतलं, जो मेजर लीगमध्ये कधीच खेळला नव्हता. उदाहरण मोहक आहे, पण जसंच्या तसं लागू पडत नाही. गिब्सनला कातडीच्या रंगामुळे दार बंद होतं. शिवलकरांच्या दारात बेदी उभे होते, आणि बेदींना हलवा असं म्हणणारा क्रिकेटचा जाणकार कसला!

‘दोन डावखुरे फिरकी गोलंदाज एका संघात कसे चालतील’ हे कारण मात्र मला पटत नाही. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यावर बेदींबरोबर सलीम दुराणी होते, एकनाथ सोलकरही गरजेला डावखुरी फिरकी टाकत. ते दोघे फलंदाजी करत, शिवलकर तळाला खेळत. खरं कारण तिथे आहे, आणि गोलंदाजाला बॅटवरून नाकारणं हे त्या काळच्या भारतीय संघनिवडीचं जुनंच दुखणं होतं. सुनील गावसकरांनी ‘आयडॉल्स’ या पुस्तकात शिवलकरांवर लिहिलं, आणि कर्णधार असताना निवड समितीला आपण त्यांच्याबाबत पटवू शकलो नाही, ही खंतही नंतर बोलून दाखवली.

शिवलकर ३ मार्च २०२५ रोजी गेले, आणि त्यांना अशा एखाद्या दालनात जागा मिळावी अशी मागणी मुंबईकडून होणं साहजिकच आहे. आम्ही बिदर-कलबुर्गीचे लोक याबाबतीत जरा मोकळे असतो. घरात मराठी, बाजारात कन्नड. १९५६ पर्यंत हैदराबादचे, मग म्हैसूरचे. चेपॉकनंतरच्याच मोसमात कर्नाटकाने मुंबईची सद्दी मोडली, तेव्हा प्रसन्न-चंद्रशेखरांसाठी टाळ्या वाजवताना आमच्यातल्या कोणाला चोरट्यासारखं वाटलं नाही. त्यामुळे शिवलकरांचा रसिक असूनही मला तसेच कसोटीविना राहिलेले डावखुरे फिरकी गोलंदाज राजिंदर गोयल आठवतात. ७५० बळी, सरासरी १८.५८, एकट्या रणजीत ६३७. १९७४ मध्ये बेदींना बंगळुरूच्या कसोटीतून वगळलं तेव्हा संधी आली ती गोयलांकडे; तेही अकरांत खेळले नाहीतच. देशांतर्गत क्रिकेटसाठी वेगळं दालन उघडलंच, तर पहिला मान गोयलांचा आणि लगेच पुढचा शिवलकरांचा. २०१७ मध्ये बीसीसीआयने सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार या दोघांना एकाच समारंभात दिला होता. त्या निवडीला नावं ठेवायला मला तरी जागा सापडत नाही.