बीएस्सी करून फार्मसीला ‘फायदा’ होतो? दावा तपासून बघू

“यंदा फार्मसी नाही मिळाली ना, मग बीएस्सीला घे. वर्ष वाया जात नाही, पुढे फार्मसीला फायदाच होतो.” अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, कुठेही राहत असाल, बारावीच्या निकालानंतर हे वाक्य तुम्ही ऐकलं असणार. सल्ला प्रेमानेच दिलेला असतो. पण त्यावर एखाद्याची तीन वर्षं ठरतात, म्हणून संशोधनातला दावा तपासतो तसा हा तपासू.

पहिली अडचण ‘फायदा’ या शब्दाची. त्यात तीन वेगळे प्रश्न दडलेत. एक, बीएस्सीमुळे प्रवेशाची पात्रता मिळते का? दोन, यादीत नंबर वर जातो का? तीन, आत गेल्यावर अभ्यास सोपा जातो का? तिन्हींची उत्तरं सारखी नाहीत, आणि सल्ला देणारे तिसऱ्याचं उत्तर पहिल्या दोघांना चिकटवतात.

पात्रता बघा. महाराष्ट्रात बी.फार्म.ला लागते ती बारावी: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि सोबत गणित किंवा जीवशास्त्र. बीएस्सीनंतरही तुम्ही सीईटी देऊ शकता, पण देता ते बारावी पास म्हणूनच. थेट दुसऱ्या वर्षाचं दार आहे, ते डी.फार्म.वाल्यांसाठी. गंमत म्हणजे इंजिनिअरिंगमध्ये बारावीला गणित असलेल्या बीएस्सीवाल्याला थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. फार्मसीत नाही.

आता यादी. कलिन्याचं बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी घ्या किंवा पार्ल्याचं भानुबेन नानावटी, कॅपची गुणवत्ता यादी लागते ती सीईटीवर. बीएस्सीचा सीजीपीए त्यात मोजलाच जात नाही. वझे-केळकरला तुम्ही केमिस्ट्रीत पहिले आला असाल किंवा झुनझुनवालाला काठावर पास झाला असाल, यादीच्या दृष्टीने दोघं सारखेच.

राहिला तिसरा प्रश्न. इथे पुरावा म्हणून येतं ते हे: “आमच्या वर्गात एक बीएस्सी करून आलेला होता, तो टॉपर होता.” असेलही. पण तो वर्गात दिसतो कारण तीन वर्षांनंतरही त्याने पुन्हा सीईटी दिली, पुन्हा चार वर्षांची तयारी ठेवली. ज्यांनी मध्येच नाद सोडला ते त्या वर्गात नाहीत, म्हणून मोजलेही जात नाहीत. त्याचं यश बीएस्सीमुळे, जिद्दीमुळे की वयाने तीन वर्षं मोठा असल्यामुळे, हे त्या एका उदाहरणावरून कळत नाही. कळायला बारावीला आणि सीईटीला साधारण सारखे गुण असलेली, पण बीएस्सी न केलेली मुलं शेजारी उभी करावी लागतील. तुमच्या प्रबंधातही तुलनेचा गट असाच निवडावा लागेल, म्हणून हे इथेच डोक्यात बसवा.

अभ्यासक्रम मात्र उघडून बघता येतो. बी.फार्म.च्या पहिल्या वर्षात इनऑरगॅनिक, ऑरगॅनिक, बायोकेमिस्ट्री, अ‍ॅनालिसिस आहे. केमिस्ट्रीच्या बीएस्सीवाल्याला यातलं बरंच पुन्हा करावं लागेल, टायट्रेशनसकट. पण अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, पॅथोफिजिऑलॉजी आणि फार्मास्युटिक्स त्याने पाहिलेलंही नसतं. म्हणजे थोडा भार हलका होतो, तीन वर्षांइतका नाही.

इथवर सल्ल्यावर टीका झाली. आता नियमावर.

बीएस्सीला शून्य किंमत हा काही निसर्गाचा नियम नाही. १९४८ चा फार्मसी कायदा आला तेव्हा पहिल्या नोंदवहीसाठी कलम ३१ मध्ये एक सोय होती: फार्मसीची नसलेली विद्यापीठाची पदवी आणि दवाखान्यात वगैरे औषधं बनवून देण्याचा तीन वर्षांचा अनुभव असेल तर नोंदणी मिळे. नुसत्या अनुभवावर यायचं तर पाच वर्षं लागत. म्हणजे पदवीची किंमत दोन वर्षं धरली होती. ती सोय सुरुवातीपुरती होती, पुढे बंद झाली. आणि कारखान्यात? औषध नियम, १९४५ आजही केमिस्ट्री मुख्य विषय असलेल्या बीएस्सीवाल्याला औषधनिर्मितीवर देखरेख करू देतात. अट एवढीच की बी.फार्म.ला पदवीनंतर अठरा महिन्यांचा अनुभव लागतो तिथे त्याला तीन वर्षांचा लागतो. कमी धरलं, पण शून्य नाही. औषध तयार होताना ज्या पदवीवर विश्वास ठेवता येतो, ती कॉलेजच्या दारात एका पेपरचीही सूट मिळवून देत नाही.

दुसरी बाजूही मांडायला हवी. फार्मासिस्ट पेशंटच्या हातात औषध देतो. डी.फार्म.वाल्याने दोन वर्षांत फार्मास्युटिक्स, फार्माकॉलॉजी केलेलं असतं, वर ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग. बीएस्सीवाल्याला सरळ त्याच्या शेजारी बसवा, असं मी म्हणत नाही. पण जे विषय झालेत त्यांचं क्रेडिट द्यावं आणि जे राहिलेत ते एका जोड-सत्रात करून घ्यावेत, एवढं अशक्य नाही. क्रेडिट साठवून इकडून तिकडे नेण्याची व्यवस्था यूजीसीने २०२१ पासून आणलीच आहे.

नियम बदलेपर्यंत तुम्ही काय करायचं? आधी ठरवा, तुम्हाला लायसन्स हवंय की संशोधन.

लायसन्स हवं असेल, म्हणजे मुलुंडच्या राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी करायची असेल, तर बीएस्सी हा वळसा आहे. हिशोब करा: बीएस्सी ३ आणि बी.फार्म. ४, झाली ७ वर्षं. डी.फार्म. करून दुसऱ्या वर्षाला गेलात तर ३, २ आणि ३, म्हणजे ८. त्यापेक्षा एक वर्ष थांबून सीईटी पुन्हा द्या, किंवा बारावीच्या गुणांवर डी.फार्म. घ्या. तिथून पुढे बी.फार्म. दोन अधिक तीन, पाच वर्षांत होतं.

औषधांवर संशोधन करायचं असेल तर चित्र उलटं होतं. बीएस्सी ३, एमएस्सी २, मग पीएचडी. पवईच्या आयआयटीत एमएस्सीसाठी जॅम आहे. नायपरमध्ये मेडिसिनल केमिस्ट्रीच्या एमएसला ऑरगॅनिक केमिस्ट्रीची एमएस्सी चालते, गेट किंवा नेट पास असाल तर. रेणू बनवणाऱ्याला बी.फार्म. असलंच पाहिजे असं नाही. एक धोका मात्र आधीच माहीत असू दे: एम.फार्म.ला बी.फार्म. लागतं, आणि फार्मसी कॉलेजात फार्मसीचे विषय शिकवायला ही साखळी लागते. नंतर तिथे प्राध्यापक व्हायचं मनात असेल, तर पीएचडी ही साखळी भरून काढत नाही.

आधीच बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असाल तर घाबरू नका, पण ‘पुढे फार्मसीला उपयोग होईल’ या आशेवर तिसरं वर्ष काढू नका. या वर्षीची सीईटी सेलची माहितीपुस्तिका उघडा, पात्रतेचं पान स्वतः वाचा, आणि बीएस्सी हा शब्द त्यात कुठे येतो ते शोधा. ज्याच्या सल्ल्यावर तुम्ही बीएस्सीला आलात, त्याने हे पान बहुधा वाचलेलं नसेल.