एका अफवेचे रसग्रहण

दिवाळी अंकात कथा-कवितांचे रसग्रहण करण्याची रीत आहे. मी मात्र आज ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत दर पावसाळ्यात जन्माला येणाऱ्या एका वाङ्मयप्रकाराकडे वाचकांचे लक्ष वेधणार आहे. अकरावीची प्रवेशयादी लागली, की तो गॅलरीत ऐकू येतो. 'अमक्यांच्या मुलीला त्या कॉलेजात मिळाला म्हणे! आतून काहीतरी झाले असणार.'

कलाकृती म्हणून या अफवेत गुण पुष्कळ आहेत. ती आटोपशीर आहे. तिचा खलपुरुष सदैव पडद्याआड राहतो. तिचा लेखकही सापडत नाही. 'म्हणे' एवढीच त्याची सही. दोष एकच, पण मोठा: त्या मुलीने वर्षभर केलेल्या अभ्यासाला तीत कोठेच जागा नाही.

तरीही तिला नुसती कुचाळकी म्हणून झटकून टाकणे मला रास्त वाटत नाही. पूर्वी प्रत्येक कॉलेजचा अर्ज वेगळा, यादी वेगळी. पालकांनी धोबीतलावापासून चौपाटीपर्यंत फलक वाचत हिंडायचे. २००९ साली मुंबईत केंद्रीय ऑनलाइन प्रवेश सुरू झाले. त्याच वर्षी ९० टक्के जागा राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांना देण्याचा सरकारी निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. २०२१ साली करोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही. अकरावीसाठी सामाईक परीक्षा जाहीर झाली, तीही ऑगस्टमध्ये न्यायालयाने रद्द ठरवली. नियम असा ऐन वेळी बदलू लागला, की लोक नियमामागचा माणूस शोधू लागतात.

खुल्या यादीतील जागेचा कट-ऑफ आज कोणालाही पाहता येतो. अफवेला खरा ओलावा मिळतो तो संस्थांतर्गत आणि व्यवस्थापन कोट्याच्या जागांपाशी. व्यवस्थापनाने अमुक मुलालाच का निवडले, हे बाहेरच्याला कळत नाही. अशा थोड्या जागांचा डाग मग गुणांवर आलेल्या मुलांनाही लागतो.

हे मी शहाणपणाने सांगतो आहे खरे. पण मागे शेजारच्या काकूंच्या नातीविषयी मीही 'म्हणे' म्हटले होते. ते तिच्या कानावर गेले. संध्याकाळी ती आमच्या दारात आली. एका हातात गुणपत्रिका, दुसऱ्या हातात मोबाइलवर उघडलेली यादी. तिचे गुण कट-ऑफपेक्षा जास्त होते.

"काका, तुम्ही पुस्तकांची परीक्षणे लिहिता ना?" ती म्हणाली. "ती पुस्तके न वाचताच लिहिता का?"

आयुष्यभर टीका लिहिली. पण माझ्यावरची इतकी नेमकी टीका मी वाचलेली नाही. संस्थांनी प्रत्येक जागेचे कारण फलकावर लावावे, ही माझी मागणी आजही कायम आहे. मात्र फलक लागलेला असताना तो न वाचता बोलणाऱ्यांत मीही होतो, हे या अंकात नोंदवून ठेवतो. काकूंकडे फराळाला जायचे आहे, आणि दार बहुधा तीच उघडील.