मतदानयंत्रातील स्मृतींचे लेखन-संरक्षण : एक चिकित्सा

बीजशब्द : फ्लॅश स्मृती, सेक्टर, लेखन-संरक्षण, मतदानयंत्र, व्हीव्हीपॅट

प्रस्तावना

जुन्नर तालुक्यातील निमगाव सावा हे गाव शिरूर लोकसभा मतदारसंघात येते. १३ मे २०२४ रोजी या मतदारसंघात मतदान झाले. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेआड सात सेकंद दिसणाऱ्या चिठ्ठीवरील चिन्ह ज्या स्मृतीतून छापले जाते, ती फ्लॅश स्मृती होय. म्हणजेच पुसता आणि पुन्हा लिहिता येणारी. सार्वजनिक चर्चेत मात्र ‘यंत्रातील प्रोग्रॅम एकदाच भरला जातो, तो बदलता येत नाही’ हे एकच विधान संपूर्ण यंत्रास लावले जाते. हे विधान नेमके कोणत्या स्मृतीविषयी लागू पडते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

फ्लॅश स्मृतीचे संरक्षण

तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृती जगासमोर मांडली. या स्मृतीत लिहिणे म्हणजे १ चे ० करणे. ० चे पुन्हा १ करावयाचे झाल्यास संपूर्ण सेक्टरच पुसावा लागतो. साहजिकच एका चुकीच्या आज्ञेने सेक्टरमधील सर्व नोंदी एकदम नष्ट होऊ शकतात. वीजपुरवठा अस्थिर झाल्यास किंवा प्रोसेसर भरकटल्यास असे घडू नये, म्हणून संरक्षणाचे काही थर योजलेले असतात. आज्ञा ठरावीक क्रमानेच आल्याशिवाय चिप लिहिणे वा पुसणे सुरू करत नाही. विद्युतदाब मर्यादेखाली गेल्यास ती लेखन नाकारते. निवडक सेक्टर काही नियंत्रक बिटांच्या साहाय्याने बंद ठेवता येतात आणि अनेक चिपमध्ये त्या बिटांनाही एका स्वतंत्र पिनद्वारे कुलूप लावता येते.

तथापि, हे उपाय प्रामुख्याने अपघात रोखतात, हेतू रोखत नाहीत. आज्ञांचा क्रम चिपच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. ज्याच्या हाती चिप आहे, त्याच्या हाती ती पिनही असते. कायमचे कुलूप त्यालाही रोखू शकते. परंतु असे कुलूप वैध लेखनही अशक्य करते.

तीन स्मृती, तीन प्रश्न

मतदानयंत्राचा विचार करता तीन प्रकारच्या स्मृती वेगळ्या कराव्या लागतात. पहिली प्रोग्रॅमची. ती एकदाच लिहिली जाते, असे निवडणूक आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयास सांगितले. वरील लोकप्रिय विधान तिच्याविषयी आहे.

दुसरी मतांच्या नोंदीची. ती प्रत्येक मतागणिक लिहिली गेलीच पाहिजे. म्हणून तिला कायमचे कुलूप लावता येत नाही. हरी प्रसाद, ॲलेक्स हॅल्डरमन आणि रॉप खोंग्राइप यांनी सहकाऱ्यांसह २०१० मध्ये केलेल्या अभ्यासाने याच स्मृतीवर बोट ठेवले. प्रोग्रॅमला हात न लावता, मतांच्या स्मृतीचिपवर एक छोटे उपकरण चिमट्यासारखे बसवून नोंदी बदलता येतात, असे त्यांनी दाखविले. अभ्यासातील यंत्र मुंबईतील शासकीय ताब्यातून गेलेले असल्याच्या प्रकरणात हरी प्रसाद यांना २१ ऑगस्ट २०१० रोजी अटक झाली. यंत्रे कडक बंदोबस्तात असतात, हा आयोगाचा युक्तिवाद आणि यंत्र बंदोबस्तातून बाहेर पडले, ही वस्तुस्थिती यांतील विसंगती येथे स्पष्ट होते. २०१३ नंतरच्या एम-३ यंत्रांत छेडछाड ओळखण्याची सोय आहे, असे आयोग सांगतो. ही सुधारणा स्वागतार्हच आहे.

तिसरी स्मृती चिन्हांची. शिरूरमध्ये २०१९ साली डॉ. अमोल कोल्हे यांचे चिन्ह घड्याळ होते. २०२४ साली ते तुतारी वाजवणारा माणूस झाले आणि घड्याळ प्रतिस्पर्धी उमेदवाराकडे गेले. अशा परिस्थितीत चिन्हांची स्मृती पुनर्लेखनक्षम असणे हा दोष नसून गरज आहे. शिवाय येथील चूक मतदारास काचेतून दिसू शकते; मतांच्या स्मृतीतील चूक दिसत नाही.

यावरून दोन्ही बाजूंची तर्कदुष्टता लक्षात येते. समर्थक पहिल्या स्मृतीचे सत्य उरलेल्या दोहोंना लावतात. विरोधक पुनर्लेखनक्षम असणे म्हणजेच पुनर्लेखन झालेले असणे, असे मानतात.

पुसण्याचा अधिकार

२६ एप्रिल २०२४ रोजी न्या. संजीव खन्ना व न्या. दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. मात्र चिन्ह भरणारी उपकरणे निकालानंतर किमान ४५ दिवस मोहोरबंद ठेवण्याचा आदेश दिला. तसेच दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना सात दिवसांत लेखी अर्ज करून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील ५ टक्के यंत्रांच्या प्रोग्रॅम-स्मृतीची तपासणी मागता येईल, असे ठरविले.

यानंतरचा वाद अधिक मूलभूत होता. तपासणीसाठी यंत्रातील नोंद पुसून अभिरूप मतदान घेतले, तर तपासले जाते ते आजचे यंत्र. मतदानाच्या दिवशीचे नव्हे. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यायालयाने तपासणीच्या वेळी माहिती पुसू नये व पुन्हा भरू नये, असे आयोगास बजावले. मे २०२५ मध्ये आयोगाची सुधारित कार्यपद्धती न्यायालयाने मान्य केली. जे कुलूप चिपमध्ये नव्हते, ते न्यायालयीन आदेशाने लावावे लागले, असे या घटनेविषयी म्हणता येईल.

निष्कर्ष

लेखन-संरक्षण हा केवळ चिपचा गुणधर्म नाही. ती चिप, ताबा आणि नियम यांची संयुक्त व्यवस्था आहे. ज्याला पुसण्याचा वैध अधिकार आहे, त्याच्यापासून कोणतीही पिन संरक्षण देत नाही. म्हणून प्रत्येक स्मृतीबाबत कोण लिहू शकतो, कुलूप केव्हा लागते आणि लेखनाचा कोणता माग उरतो, ही तीन उत्तरे आयोगाने स्वतंत्रपणे प्रसिद्ध करावीत. कागदी चिठ्ठी ही या व्यवस्थेतील पुन्हा न लिहिता येणारी स्मृती आहे. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील केवळ ५ केंद्रांवर तिची मोजणी होते. निमगाव साव्यातील मतदार सात सेकंद जे पाहतो, त्याचा विश्वास या सर्व उत्तरांवर अवलंबून आहे.