सतरा सप्टेंबर आणि निजामाचे कागद

2023 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात दोन गोष्टी एकमेकींना खेटून घडल्या. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत 29 ऑगस्टला सुरू झालेले मनोज जरांगे पाटील यांचे उपोषण 1 सप्टेंबरच्या लाठीमारानंतर राज्यभर गाजले आणि 14 तारखेला सुटले. तिसऱ्या दिवशी, 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव साजरा झाला. एकीकडे निजामाच्या जोखडातून सुटल्याचे ध्वजारोहण, तर दुसरीकडे निजामाच्याच दप्तरातल्या कुणबी नोंदीवर हक्काचा दावा. त्या दाव्याच्या न्याय्यतेवर मतभेद आहेत. तो निवाडा इथे करायचा नाही. माझा प्रश्न आपल्या इतिहासलेखनाला आहे. जी राजवट आपण केवळ जुलमी म्हणून सांगितली, तिचे कागद शेतकऱ्याला आधाराचे का वाटावेत?

सतरा सप्टेंबरच्या भाषणांत याचे उत्तर सापडत नाही. तिथली गोष्ट ठरलेली असते: कासीम रझवी, रझाकारांचे अत्याचार, वल्लभभाई पटेल, 13 सप्टेंबर 1948 ला सुरू झालेली कारवाई आणि पाचव्या दिवशी शरणागती. या मांडणीत दहा वर्षांचा लढा पाच दिवसांत आटोपतो. वास्तविक महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन 1937 साली आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरला भरले. पुढच्या वर्षी स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला, उस्मानिया विद्यापीठातले विद्यार्थी 'वंदे मातरम्'साठी बाहेर पडले. तेव्हा मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची. रझाकारांचे थैमान हा त्या गोष्टीचा शेवटचा अंक होय.

लढ्यातली माणसेही या चौकटीत मावत नाहीत. स्वामी रामानंद तीर्थ संन्यास घेण्यापूर्वी कामगार चळवळीत होते; ते आणि गोविंदभाई श्रॉफ हे स्टेट काँग्रेसमधल्या डाव्या विचाराच्या गटाचे. अर्जापूरला मारले गेलेले गोविंदराव पानसरे, बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्या पंक्तीत 'इमरोज'चे संपादक शोएबउल्ला खान यांनाही बसवावे लागते. भारतात विलीन व्हा असे उर्दूत लिहिल्याबद्दल ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा खून झाला. त्यांचे नाव घेतले की हिंदू विरुद्ध मुसलमान ही सोपी मांडणी कोसळते. म्हणूनच बहुधा ते कमी घेतले जाते. कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेडकडे मुसलमानांची जी कत्तल झाली, तिचा सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशके बासनात राहिला, हेही याच मौनातले.

अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ या सोपेपणाला अपवाद आहे. लढ्यात उतरलेल्या संपादकाने संघटना, मतभेद, शिबिरे यांचा इतका तपशील दिला, की त्याच्याशिवाय या विषयावर लिहिता येत नाही. पण त्यातही कथा कार्यकर्त्यांची आहे. ज्याच्या घरातून ते जेवले, ज्याच्या शेतातून ते सरहद्द ओलांडून गेले, त्या कुळाचे, बटाईदाराचे चरित्र अजून लिहायचे राहिले आहे.

ते लिहायला घेतले तर कागदांचे कोडे सुटते. निजामी राज्यात दिवाणी मुलखाबरोबरच जहागिरी आणि निजामाची खाजगी सर्फ-ए-खास जमीन होती. कसणाऱ्याचे नाव, जात, जमीन सरकारने लिहिली ती सारा ठरवण्यासाठी आणि माणसे मोजण्यासाठी. नोंद हा उपकार नव्हता. घेण्याचा हिशेब होता. घेण्यासाठी केलेला हिशेबच नातवंडांना पुरावा म्हणून उपयोगी पडतो, यात राजवटीचा गौरव नाही आणि मुक्तिसंग्रामाचा अवमानही नाही.

मुक्तीनंतर 1949 मध्ये जहागिरी गेल्या, 1950 मध्ये कूळकायदा आला. हे लढ्याचे खरे फळ, पण भाषणांत ते क्वचित ऐकू येते. 1956 मध्ये हैदराबाद राज्य विभागले गेले. माणसे मुंबई राज्यात आली, दप्तरे मात्र विखुरली. म्हणून 7 सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीला निजामकालीन महसुली आणि शैक्षणिक पुरावे शोधावे लागले, उर्दू आणि मोडी वाचणारे जाणकार गाठावे लागले. 2 सप्टेंबर 2025 चा शासन निर्णयही 'हैदराबाद गॅझेटियर'चाच आधार घेतो. सरकारी गरजेपोटी जे दप्तर उघडले, ते इतिहासकारांनी आधीच उघडायला हवे होते.

आता ती पाने केवळ जातीचा रकाना पाहून मिटली जाऊ नयेत, एवढीच माझी चिंता आहे. त्याच पानांवर सारा आहे, जमिनीची प्रत आहे, जहागीरदार आहे. ती सलग वाचली तर एका गावाचा मुक्तिसंग्राम हाती लागेल: कोण कोणापासून मुक्त झाला, आणि कोण अजून अर्ज घेऊन रांगेत उभा आहे. सतरा सप्टेंबरचे भाषण त्या उत्तरापासून सुरू व्हायला हवे.