पत्रास कारण की, बुडालो

आमच्या एका काकांचे मुंबईत किराणा मालाचे दुकान होते. दर महिन्याला गावी त्यांचे कार्ड यायचे : 'इकडील सर्व क्षेम. दुकान ठीक चालले आहे.' पुढे कळले, की दुकान केव्हाच बसले होते. चालत होती ती फक्त कार्डे. आजीला वाचता येत नसे. मी कार्ड वाचून दाखवले, की ती म्हणायची, "मजकूर राहू दे रे. ओळी सरळ आहेत का खाली उतरल्यात, तेवढं सांग."

या आजीमुळे मला 'मेनाखेम-मेंडल' हे पुस्तक, इंग्रजी अनुवादातून का होईना, चटकन समजले. लेखक शोलेम आलेइखेम (१८५९–१९१६). पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिडिश भाषेत लिहिणारा. टोपणनावाचा अर्थच मुळी 'तुम्हाला शांती लाभो'. म्हणजे आपल्याकडे एखाद्याने पुस्तकावर लेखक म्हणून 'रामराम मंडळी' छापावे, तसे.

पुस्तक म्हणजे नवराबायकोची पत्रे. नवरा पैसा मिळवायला आधी ओडेसाला आणि मग येहुपेत्सला, म्हणजे कीवला, गेलेला. बायको शेइने-शेइंडल मुलाबाळांसह कासरिलेव्का या गावी. तो शेअर, साखर, जंगले, जे हाताला लागेल त्यात उडी घेतो आणि बुडतो. मग लग्ने जुळवायला लागतो. दुसऱ्या एका मध्यस्थाच्या भागीदारीत एक स्थळ असे काही घट्ट जमवतो, की अखेरीस कळते, दोन्हीकडे मुलीच!

त्या काळी यिडिशमध्ये पत्रे कशी लिहावीत हे शिकवणारी 'ब्रिव्हनश्टेलर' नावाची पुस्तके मिळत; रशियात मिळत, तशी अमेरिकेतही. परमुलखात गेलेल्या माणसाला घरी काय लिहायचे हा प्रश्न पडतोच, त्याचे उत्तर तयार छापलेले. आपल्या 'इकडील क्षेम'चेच हे भाऊबंद. मेंडल ही चौकट कधी मोडत नाही. पहिल्या कलमात तो देवकृपेने ठणठणीत असतो आणि दुसऱ्या कलमात दिवाळखोर. बायकोही तशीच. आरंभी पतिराजांना आयुष्य चिंतायचे आणि लगेच 'आई म्हणते तेच खरं' करीत आईच्या म्हणींनी त्यांना धुऊन काढायचे. सगळे टीकाकार मेंडलला नायक मानतात. मानोत बापडे. माझ्या मते पुस्तक हिचे आहे. घरी बसून हिला बाजार कळतो, बाजारात उभे राहून त्याला कळत नाही.

मात्र हा बहाद्दर कीवमध्ये राहतो तो लपून. झारच्या अमलात ज्यूंना तिथे परवान्याशिवाय राहता येत नसे. पोलिसांची धाड पडली की पळापळ. ही भीती तो साखरेच्या भावासारखी जाता जाता सांगतो. इथे ओळी खाली उतरल्या आहेत, हे आजीने ओळखले असते. लेखकालाही ते ठाऊक होते. सासऱ्याकडून आलेली इस्टेट त्याने कीवच्या शेअरबाजारात १८९० मध्ये घालवली आणि देणेकऱ्यांना चुकवीत पळ काढला. मेंडलला तो हसतो, पण काठावर उभा राहून हसत नाही.

एक तक्रार. एका बैठकीत वाचले तर पुस्तक कंटाळवाणे होते. तीच आशा, तीच बुडी, तीच खरडपट्टी. पण यात लेखकापेक्षा चूक आपली. ही पत्रे १८९२ पासून नियतकालिकांतून हप्त्याहप्त्याने आली. ती टपालासारखीच घ्यावीत : एक आले, वाचले, कपाळाला हात लावला, आता पुढचे येईपर्यंत वाट पाहायची. दुसरी तक्रार अनुवादाची. बाईच्या शिव्याशाप इंग्रजीत अगदीच सभ्य होतात. मराठीत एखाद्या कोकणातल्या आजीकडे सोपवले असते तर बरे झाले असते.

शेवटच्या पत्रात मेंडल अमेरिकेला निघाल्याचे कळवतो. तिथे नशीब काढणार, मग तिला आणि मुलांना बोलावून घेणार, म्हणतो. इतक्या पानांच्या सवयीने मी तिचे उत्तर वाचायला पान उलटले. पुस्तक तिथेच संपते.