सिकलसेल आणि ‘एका अक्षराची चूक’

सिकलसेलवरच्या बहुतेक मराठी लेखांत एक उपमा भेटते. डीएनए हा संदेश, त्यात एका अक्षराची चूक झाली आणि आजार उद्भवला. आम्हीही ती वर्गात अनेकदा वापरली आहे. पण यवतमाळ जिल्ह्यातील शाळेत, केळापूर, घाटंजी किंवा झरी-जामणीच्या एखाद्या वर्गात, ती तशीच वापरावी का याविषयी आम्हांला आता शंका वाटते. तिथे समोरच्या बाकावर रक्ततपासणीत ‘एएस’ असा अहवाल मिळालेला मुलगा बसलेला असू शकतो. “म्हणजे मीच चुकीचा का?” हे तो विचारणार नाही, प्रश्न घरी घेऊन जाईल.

उपमेत खरे किती ते आधी पाहू. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्ले असतात. त्यांतील सहाव्या जागी एरवी ग्लुटामिक आम्ल असते, सिकलसेलमध्ये तेथे व्हॅलिन येते. डीएनएच्या लिपीत जीएजी या त्रयीच्या जागी जीटीजी, एवढाच फरक. लायनस पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 साली दाखवले, की विद्युत्क्षेत्रात ही दोन हिमोग्लोबिने वेगवेगळ्या गतीने सरकतात. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, व्हॅलिनवर नसतो, आणि व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहते. त्यामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोर बनवतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

संदेशवहनाच्या अभियांत्रिकीशीही साम्य आहे. क्लॉड शॅननने 1948 मध्ये संदेशाचे गणित मांडले. रिचर्ड हॅमिंगने 1950 मध्ये दाखवले, की काही जादा चिन्हे सोबत पाठवली तर चूक ओळखता येते, दुरुस्तही करता येते. जनुकीय लिपीतही असा जादापणा आहे. त्रयी 64, अमिनो आम्ले 20. जीएजीतले शेवटचे जी बदलून ए झाले असते, तर ग्लुटामिक आम्लच आले असते. येथे मधले अक्षर बदलले, आणि ते पोटात घालण्याची सोय लिपीत नाही. हे फळ्यावर जरूर मांडावे.

गडबड पुढे होते. अभियंत्याच्या ‘चूक’ या शब्दाला संदेश पाठवणारा लागतो. बीएसएनएलने 2013 मध्ये तारसेवा बंद केली, त्यामुळे आजच्या मुलांना तार ठाऊक नसेल. पण तारेत चूक म्हणजे पाठवणाऱ्याने एक लिहिले आणि पोहोचले दुसरेच. जनुकाला पाठवणारा कोण? अँथनी ॲलिसनने 1954 मध्ये दाखवले, की या जनुकाची एकच प्रत असलेल्यांना हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. हिवतापाच्या प्रदेशांत हे अक्षर पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते त्याचा उपयोग होता म्हणून. दोन प्रती एकत्र आल्या, की मात्र रक्तक्षय आणि असह्य वेदना. तेच अक्षर एका शरीरात आधार आणि दुसऱ्यात आजार. ‘चूक’ या शब्दात यातले अर्धेच मावते.

उरलेले अर्धे गणितात आहे, आणि लोकप्रिय लेखनाने ते जवळपास वगळले आहे. हार्डी आणि वाइनबर्ग यांनी 1908 साली स्वतंत्रपणे मांडलेले सूत्र दहावीच्या बीजगणितात बसते. समजा, समाजातील दहातली एक प्रत एस आहे. मग शंभरांत सुमारे 18 वाहक आणि 1 रुग्ण. दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गरोदरपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता चारात एक. वाहकाचे लग्न ‘एए’ व्यक्तीशी झाले, तर रुग्ण मूल होत नाही. सर्व वाहकांनी हे पाळले, तरी त्यांच्या मुलांत निम्मी वाहक निघतात. रुग्ण थांबले, जनुक जेवढे होते तेवढेच राहिले.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणी हवीच, आमचा आक्षेप तिला नाही. पण ‘चूक’ आणि ‘निर्मूलन’ हे शब्द शेजारी-शेजारी आले, की गावात त्यांचा अर्थ वाहक मुलीचे लग्न मोडणे असा लावला जाऊ शकतो. एका पिढीत थांबवता येतात ते रुग्णांचे जन्म. जनुक पुसता येत नाही, आणि वाहकाला पुसण्याचा तर प्रश्नच नाही.

शिक्षकांनी करून पाहावे असे एक सांगतो. पिशवीत तुरीचे 90 आणि उडदाचे 10 दाणे घ्या, न पाहता दोन-दोन काढून 50 जोड्या लावा. आठ-दहा जोड्या मिश्र निघतील, एखादी निव्वळ उडदाची. आता मुलांना सांगा, की उडदाला उडीद लागणार नाही अशा जोड्या लावा. मिश्र जोड्या बरोबर दहा होतात. उडीद मोजा, दहाच भरतात.